बस न येणारा थांबा

ड्युसेलडॉर्फच्या बेनराथ भागातल्या एका वृद्धाश्रमानं दारात खोटा बसथांबा उभारला. खांब, पाटी, बाकडं सगळं खरं. बस तेवढी यायची नाही. स्मृतिभ्रंश झालेली माणसं ‘घरी जायचंय’ म्हणत बाहेर पडायची आणि तिथं जाऊन बसायची. मग कुणीतरी जवळ येऊन म्हणायचं, गाडीला उशीर आहे, तोवर कॉफी घेऊ या.

हे मी फोनवर इस्लामपूरला सांगितलं तर दादा भडकला. “बापाला फसवायचं?”

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. हल्ली चार वाजले की ड्यूटीला निघतात. दाराला कडी दिसली की शिव्या. एकदा तर वहिनीवर हात उगारला. डॉक्टरांनी शांत ठेवणारी, मनोविकारांवरची (अँटिसायकोटिक) गोळी लिहून दिली. अण्णा शांत झाले, इतके की घास तोंडात तसाच राहायचा. मग न्हाणीत पडले.

या प्रकारच्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ सालीच दिला होता. जर्मनीत वृद्धाश्रमातल्या माणसाला वरचेवर किंवा बराच काळ जागेवर ठेवायला पट्टा बांधा नाहीतर औषध द्या, कोर्टाची परवानगी लागते. तरी गोळ्या वाटल्या जातातच. कायदा रात्रपाळीला येत नाही.

आमच्या घरातला वाद एवढाच: गोळी की कुलूप? चारलाच का, हे कुणी विचारत नव्हतं. काही दुखतंय का? लघवीला जळजळ? भूक? नॉर्वेत १८ वृद्धाश्रमांतल्या ३५२ जणांचा अभ्यास झाला. ज्यांच्या दुखण्यावर पद्धतशीर उपचार केले, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल, त्यांचा त्रागा आठ आठवड्यांत सरासरी १७ टक्क्यांनी उतरला. (म्हणजे तीही गोळीच, पण दुखण्यावरची.)

“भावजी, तिथून सांगायला काय जातंय?” वहिनी म्हणाली. खरंच आहे. रात्री तीनला चादर ती बदलते, मी पैसे पाठवतो.

पण तिनंच पुढं चामडी बॅग शिवून आणली, रद्दीच्या वहीची तिकिटं कापली. साडेतीनला चहा-बिस्किट, चारला अण्णा बॅग अडकवून ओसरीवर. शेजारची पोरं प्रवासी. डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी केली. अधूनमधून एखादी संध्याकाळ बिनसतेच, तेव्हा कशाचाच उपयोग होत नाही.

दादा याला अजून लबाडी म्हणतो. बाहेरून कडी घालून ‘आत्ता उघडतो हं’ म्हणणं मग काय होतं, हे मी त्याला विचारलेलं नाही. परवा अण्णांनी त्यालाच दारात अडवलं, “तिकीट?”

दादानं खिशातून दहाची नोट काढली. “सांगली, एक फुल.”