साथीला कोण होतं?

पुरस्काराची बातमी आली की आमच्या ग्रुपवर हारतुरे सुरू होतात. राज्य शासनाचा गानसम्राज्ञी लता मंगेशकर पुरस्कार २०२३ चा सुरेश वाडकरांना, २०२४ चा अनुराधा पौडवालांना जाहीर झाला तेव्हाही झाले. मीही दोन गुलाब टाकले. दोघांची गाणी आयुष्यभर वाजवलीत, कुरकुर कसली करायची?

पण मी हौशी ऑर्केस्ट्रातला ढोलकी-तबलावाला. माझं दुखणं वेगळं आहे. हा पुरस्कार मिळतो गायकाला, नाहीतर संगीतकाराला. वाजवणाऱ्याचं काय?

'स्वर आले दुरुनी' घ्या. शब्द यशवंत देवांचे, चाल प्रभाकर जोगांची, आवाज बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा. पुढे या तिघांनाही हा पुरस्कार मिळाला! एका गाण्यातली तीन माणसं. रेकॉर्डच्या चकतीवर छापायची ती याच तिघांची नावं. तबला कोणाचा, हे छापायला तिथे जागाच नसायची.

त्यातले जोग म्हणजे आधी व्हायोलिनवाले. त्यांच्या कार्यक्रमाचं नावच 'गाणारं व्हायोलिन'. त्यात नुसती सुरावट नसायची. कुठल्या अक्षरावर गज (व्हायोलिनची काठी) उलटवायचा आणि कुठे एकाच गजात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत मींड ओढायची, हे ते शब्द बघून ठरवत. डोळे मिटले की गाण्यातले शब्द ऐकू येत. त्यांना पुरस्कार मिळाला तेव्हा मी घरी पेढे आणले होते. बायको म्हणाली, "तुमचे कोण लागतात?" काय सांगणार!

पण खरं बोलायचं तर त्यांच्याही नावापुढे 'संगीतकार' लावता येत होतं. तीच गत अरुण पौडवालांची. अ‍ॅकॉर्डियनवर हात असा की विचारू नका, पण लोकांना नाव कळलं ते अनिल मोहिलेंबरोबर 'अनिल-अरुण' म्हणून चाली द्यायला लागल्यावर. वादक दिसायचा असेल तर त्याने आधी दुसरं काहीतरी व्हायचं, असा हा हिशोब.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दर तीन वर्षांनी एकदा हा पुरस्कार निव्वळ साथीदाराला द्या. ढोलकी, बासरी, सतार, साइड ऱ्हिदम (खंजिरीसारखी छोटी तालवाद्यं), कोणीही चालेल. (साइड ऱ्हिदमवाल्याला हसू नका. त्याची एक खंजिरी चुकली तर अख्खी लावणी लंगडते.) आणि तो माणूस स्वतःच्या पायांनी स्टेजवर चढू शकतो तोवर द्या.

गेल्या महिन्यात एका सत्काराला आम्ही साथीला होतो. भाषणं दीड तास, गाणी सहा. शेवटी पाहुणे, आयोजक, त्यांचे मेहुणे असं करत करत शाली संपल्या. निवेदक माइकवरच म्हणाला, "वादकांचं नंतर बघू हं."

आमचा व्हायोलिनवाला पेटीची कडी लावत म्हणाला, "सावकाश बघा. शेवटची एसटी साडेदहाची आहे."