इचलकरंजीच्या दादांना उत्तर (जरा लांबलंय)

दादा, तुमची कमेंट परवा रात्री वाचली, लगेच उत्तर टाइप केलं आणि खोडून टाकलं, कारण ते रागाच्या भरात लिहिलेलं होतं. आज निवांत लिहितोय आणि कमेंटच्या खोक्यात मावायचं नाही म्हणून वेगळी पोस्टच करतोय.

बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून सांगतो. मागच्या पोस्टमधे मी लिहिलं होतं की कोरोनामुळे आत्महत्यांची लाट येणार असं सगळे ओरडत होते पण तशी लाट काही आली नाही, आणि पुरावा म्हणून 21 देशांचा एक अभ्यास दिला होता. त्यावर दादांनी चांगलंच धुतलंय. त्यांचं म्हणणं असं, की पुण्यात बसून परदेशातले आकडे वाचणाऱ्याला काय कळणार, आमच्या गल्लीत दोन वर्षांत तीन माणसं गेली, तिघंही खर्चीवाले (मजुरीवर कापड विणून देणारे छोटे मागवाले), ती कुठल्या देशात मोजली? हेल्पलाइनचा नंबर टाकला की झाली का तुमची जबाबदारी? आणि ‘जीव द्यायचं मनात येतंय का असं थेट विचारा’ हा तुमचा सल्ला तर घातकच, ज्याच्या डोक्यात नसेल त्याच्याही डोक्यात भरवाल. शिवाय माणसं कशी गेली ते लिहायचं नाही ही निव्वळ लपवाछपवी.

तर पहिल्या मुद्द्यावर मी चुकलो. सरळ मान्य. तो अभ्यास 2021 च्या एप्रिलमधे लॅन्सेट सायकिएट्री या वैद्यकीय नियतकालिकात आला होता आणि त्यातले आकडे 2020 च्या साधारण एप्रिल ते जुलैचे, म्हणजे अगदी सुरुवातीचे चार महिने. त्या 21 देशांपैकी 16 श्रीमंत, उरलेले 5 मध्यम पण वरच्या गटातले. भारत त्यात नाहीच. अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच तिथे सांगितलंय की हे सुरुवातीचं चित्र आहे, पुढे लक्ष ठेवा, गरीब देशांचं आम्हाला माहीत नाही. ते सगळं गाळून मी ‘लाट आली नाही’ असं हेडिंग ठोकून मोकळा झालो. लाइक्सपण भरपूर पडले.

आपल्याकडचे आकडे बघायचे तर एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या पोलिस नोंदी गोळा करणाऱ्या केंद्राच्या विभागाचे. 2019 साली देशात 1,39,123 आत्महत्या, 2020 साली 1,53,052 आणि 2021 साली 1,64,033. एकट्या महाराष्ट्रात 18,916 वरून 22,207, आणि राज्यांमधे आपला नंबर पहिला. हे पोलिसांत नोंद झालेले, गावाकडे ‘छातीत कळ आली’ म्हणून उरकलेले यात नाहीत. पण एक सांगतो, आणि इथे मी थोडा अडणार, सगळं कोरोनावर ढकलता येत नाही. लाखामागे दर 2017 ला 9.9 होता, 2018 ला 10.2, 2019 ला 10.4, म्हणजे गाडी आधीच चढाला लागलेली होती, 2020 ला ती एकदम 11.3 वर गेली आणि 2021 ला 12. कोरोना नसता तर वाढलंच नसतं असं मी म्हणणार नाही, पण एवढी उडी त्याच्याशिवाय मारली असती असंही मला वाटत नाही.

आता तुमच्या तीन खर्चीवाल्यांकडे येतो, कारण तुमच्या कमेंटमधली तीच ओळ डोक्यातून जात नाहीये. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खर्चीवाला म्हणजे चार-आठ मागांचा मालक, सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं, याला फक्त मजुरी. नावाला मालक, पण माग थांबला की वीजबिल आणि हप्ता याच्याच डोक्यावर.) एनसीआरबीच्या तक्त्यात ‘व्यापार-धंदा’ असा एक रकाना आहे. त्यात 2019 ला 9,052 माणसं होती, 2020 ला 11,716. एका वर्षात. आणि रोजंदारीवाले 2019 ला 32,563, 2021 ला 42,004, म्हणजे देशात जीव देणाऱ्या दर चार माणसांत एक हातावर पोट असलेला. हे बघितल्यावर ‘लोकांना एकटं वाटलं, डिप्रेशन आलं, मेडिटेशन करा’ हे जे तेव्हा टीव्हीवर चाललेलं ते किती वरवरचं होतं ते कळतं. हप्ते सहा महिने थांबवले होते रिझर्व्ह बँकेने, मार्च ते ऑगस्ट 2020, पण व्याज चालूच होतं, आणि भिशीला कुठला आलाय मोरेटोरियम?

बरं, श्रीमंत देशांतही गोष्ट चार महिन्यांत संपली नव्हती. जपानमधे 2020 च्या फेब्रुवारी ते जूनमधे आत्महत्या 14 टक्क्यांनी कमी झाल्या. सरकारने माणशी एक लाख येन वाटले, शाळा बंद, कामाचे तास कमी, बरेच जण घरात. आणि मग जुलै ते ऑक्टोबरमधे 16 टक्क्यांनी वाढल्या, बायकांमधे 37 टक्के आणि शाळकरी वयाच्या पोरांमधे 49. पुढच्या फेब्रुवारीत त्यांना एकटेपणासाठी चक्क मंत्री नेमावा लागला. म्हणजे संकट दारात असतं तेव्हा माणूस टिकून राहतो आणि बाकीच्यांची दारं उघडल्यावर ज्याचं दार बंदच राहतं तो कोसळतो. हे माझं मत हां, अभ्यासात असं लिहिलेलं नाही. पण मी हे जवळून बघितलंय, आणि तुमच्या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तरही त्यातच आहे म्हणून सांगतो. ज्याचं आहे त्याला विचारून सांगतोय, नाव-गाव नाही.

शाळेतला मित्र आहे माझा, मंडप डेकोरेशनचा धंदा. 2020 च्या लगीनसराईसाठी त्याने इसार घेऊन ठेवलेले आणि त्या इसाराच्या पैशातून नवीन सोफे, कार्पेट, एक जनरेटर असं सगळं उचललं. मार्चमधे सगळं बंद. लग्नं कॅन्सल, आणि लोक इसार परत मागायला दारात. पण गंमत बघा, त्या वर्षी हा गडी एकदम फॉर्मात होता, गावात अन्नाची पाकिटं वाटायला पुढे, मंडपाचे बांबू विलगीकरणाच्या शाळेत फुकट लावून दिले, आम्ही फोन केला की तोच आम्हाला धीर द्यायचा. मग 2021 उजाडलं, परत तारखा घेतल्या, परत इसार, आणि एप्रिलमधे नियम आला, लग्न 25 माणसांत आणि दोन तासांत. 25 माणसांना कोण मंडप घालतंय?

जूनमधे गावी गेलो तर गोडाऊनमधे खुर्च्यांच्या थप्प्या, सोफ्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही आणि एका कोपऱ्यात उंदरांनी कार्पेट कुरतडून भुसा केलेला. हा त्या भुशाकडे बघत उभा होता. मला म्हणाला, तुझे दोन हजार राहिलेत ना रे माझ्याकडे, घेऊन जा. बारा-तेरा वर्षांपूर्वीचे दोन हजार! मी विसरून गेलो होतो. वहिनी नंतर बोलता बोलता म्हणाल्या की सगळ्यांचे असले बारीकसारीक पैसे फेडत सुटलेत, मोठ्या कर्जाचं मात्र नावच काढत नाहीत. तिथे माझ्या पोटात गोळा आला.

रात्री आम्ही दोघं गोडाऊनच्या पायरीवर बसलो आणि मी विचारलं, जीव द्यायचं येतंय का रे मनात? जीभ जड झाली होती माझी, खोटं कशाला बोलू. मला वाटलं शिवी देईल नाहीतर हसेल. तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, ‘रोज. कुणी विचारत नव्हतं म्हणून सांगितलं नाही.’

दादा, माझ्या प्रश्नाने त्याच्या डोक्यात काही भरलं नाही, ते आधीपासून काठोकाठ भरलेलं होतं. विचारल्याने धोका वाढत नाही हे अभ्यासांतून बऱ्याच वेळा तपासून झालंय, पण मला ते तेव्हा माहीतही नव्हतं, घाबरत घाबरतच विचारलं. त्या रात्री त्याला एकटा सोडला नाही. सकाळी त्याच्या भावाने शेतातल्या फवारणीच्या औषधांचं कपाट स्वतःच्या घरी हलवलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. हे फार साधं वाटतं पण सगळ्यात कामाचं हेच असतं, ती टोकाची वेळ बऱ्याचदा काही तासांची असते आणि तेवढ्या तासांत हाताशी काही नसलं की माणूस त्यातून बाहेर येतो. श्रीलंकेत 1995 पासून सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर एकेक करत बंदी आणली आणि पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचा दर साधारण एक तृतीयांशावर आला, आणि तो काही लोकांचं दुःख संपलं म्हणून नाही.

मग सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत नेलं. तिथेही भावाची पहिली शंका तीच, पोलिस केस तर होणार नाही ना? ही भीती गावोगाव आहे म्हणून इथे लिहून ठेवतो, मनात असे विचार येतात हे डॉक्टरला सांगणं हा गुन्हा कधीच नव्हता. आणि प्रयत्न केलेल्या माणसालाही 2018 ला लागू झालेल्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीव्र ताणाखाली होता असंच धरतात, शिक्षा नाही, आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत आलेलंच नाही. दवाखान्यातून पोलिसांना कळवतात, जबाब होतो, तेवढ्याला घाबरून कुणी माणसाला घरात ठेवू नका.

गोळ्या चालू झाल्या, झोप यायला लागली. पण खरा उतार पडला तो भिशीवाले आणि इसारवाले एकत्र बसले तेव्हा. त्याच्या मामांनी मधे पडून सगळ्यांकडून वर्षाची मुदत घेतली. म्हणून हेल्पलाइनवरचा तुमचा राग मला अर्धा पटतो. फोनवरचा माणूस भिशी फेडू शकत नाही, आणि सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन सुरू झाली ऑक्टोबर 2022 मधे, तोवर आपल्याकडचे दोन्ही लॉकडाऊन होऊन गेलेले. (त्याआधी सप्टेंबर 2020 पासून किरण म्हणून एक होती, आमच्याकडे कुणाला पत्ता नव्हता.) तरीपण 14416 हा नंबर मी प्रत्येक पोस्टखाली टाकणारच, मराठीत बोलता येतं, फुकट आहे, रात्रीबेरात्री लागतो. माझा मित्र ज्या पायरीवर बसला होता तिथे प्रत्येकाजवळ कुणी बसलेलं नसतं हो.

लपवाछपवीचं थोडक्यात. कोण, कुठल्या कर्जापायी, कुणाच्या तगाद्याने गेलं हे लिहाच, मी पण लिहीन. कसं गेलं हे लिहिणार नाही. जून 2020 मधे सुशांतसिंग राजपूत गेल्यावर चॅनेलांनी ते तपशील आठवडेच्या आठवडे दळले, आणि त्याच घरांमधे परीक्षा पुढे ढकललेली पोरं बसली होती बघत. ज्याच्या मनात आधीच ते घोळतंय त्याला अशा तपशिलातून वाट सापडते. प्रेस कौन्सिलने 2019 मधेच नियम केले होते, कुणी पाळले ते तुम्हीच सांगा.

जुन्या पोस्टचं हेडिंग आज बदललंय, खाली तुमच्या कमेंटचा उल्लेख करून दुरुस्ती टाकलीये.

आणि हो, काल तुमची कमेंट मित्राला फोनवर वाचून दाखवली. सध्या त्याची लगीनसराई जोरात आहे, मागे हातोड्यांचा आवाज चालला होता. ऐकून म्हणाला, ‘हप्त्याचं बोलतोय ते बरोबर बोलतोय. पण त्या तिघांतलं एक त्याच्या घरचं असणार बघ. त्याची चौकशी केलीस का तू, का नुसते आकडे काढत बसलास?’ केली नव्हती. दादा, तुम्ही कसे आहात? उजवीकडे माझा मेल आहे, त्यावर नंबर पाठवा. मागांच्या खडखडाटात ऐकू यायचं नाही, पाळी सुटल्यावर किती वाजता करू तेवढं लिहा.