नुसतं सील तर बदलायचंय

सांगलीत दोन वाक्यांवर माझा विश्वास नाही. 'आलोच, पाच मिनिटांत भडंग घेऊन येतो' आणि 'नुसतं सील हाय मालक, अर्ध्या तासात गाडी सोडतो'. पहिल्यात निदान भडंग तरी मिळतं.

ट्रकच्या मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा म्हणजे डिफरन्स, आणि त्यात इंजिनाकडची ताकद आणणारा दातेरी दांडा म्हणजे पिनियन. डिफरन्सच्या तोंडाशी बसलेलं पिनियनचं सील म्हणजे रबराची कडी, आत केसासारखी बारीक स्प्रिंग आणि बाहेर पत्र्याचा काठ. ट्रकच्या एकूण खर्चात त्याची किंमत चहापाण्याची. पण ते पाझरायला लागलं की फिरता फ्लँज (पिनियनला इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट जोडणारी चकती) ऑइल असं भिरकावतो, की वर बॉडीच्या तळावर आडवा काळा पट्टा उमटतो. पट्टा बरोबर फ्लँजच्या डोक्यावर असेल तर गुन्हेगार तिथलाच. चाकाच्या आतल्या बाजूला ओल असेल तर ते हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) सील, उगाच पिनियनला शिव्या देऊ नयेत. खात्री नसेल तर सगळं डिझेलने धुवावं, कोरडं पुसावं, टाल्कम पावडर फुंकावी आणि गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणावी. पावडर लावून नवरदेव झालेला डिफरन्स बघून पोरं हसतात, हसू देत. पावडर जिथून भिजायला सुरुवात झाली, गळती तिथली.

आता माझी खरी तक्रार. सील गळालं की सगळे सीलच बदलतात, हाऊसिंगच्या (डिफरन्सच्या लोखंडी खोक्याच्या) वरच्या ब्रीदरकडे, म्हणजे आतली हवा सोडणाऱ्या तोटीकडे, कुणी मान वर करून बघत नाही. उसाच्या हंगामात गाडी फडात शिरते, काळी माती ब्रीदरवर बसते आणि वाळून दगड होते. भरल्या गाडीनं चढ घेतला की ऑइल तापतं, आतली हवा फुगते. वरची वाट बंद, म्हणून ती ऑइलला घेऊन सीलच्या ओठातून बाहेर पडते. नाक चोंदलेल्या माणसाला शिंक दाबायला सांगितल्यावर दुसरं काय होणार? म्हणून आधी ब्रीदर काढा, डिझेलमध्ये बुडवा, तोंडाने फुंकून बघा. हवा जात नसेल तर बदला. उलटंही होतं: तापलेलं हाऊसिंग ओढ्याच्या पाण्यात घातलं की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. मग ऑइल निघतं ते दुधाच्या चहाच्या रंगाचं. तसं दिसलं तर नुसत्या सीलनं भागत नाही, बेअरिंगं बघावी लागतात.

कामाला हात घालण्याआधी चाकांखाली दगड. 'गिअरमध्ये टाकलीय की' म्हणणाऱ्याला नम्रपणे आठवण करून द्यावी, की आपण जो शाफ्ट सोडणार आहोत, गिअरनं गाडी धरलीय ती त्याच शाफ्टच्या जोरावर. शेवटचा बोल्ट सुटला की गाडी स्वतंत्र! शाफ्ट आणि फ्लँजवर रंगाची एकच रेघ ओढा, म्हणजे दोघं परत त्याच जागी भेटतील, नाहीतर गाडी थरथरते. सुटलेला शाफ्ट तारेने चॅसीला बांधा, लोंबकळत ठेवू नका. ऑइल काढताना आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा, मगच खालचा सोडा. उलट्या क्रमानं गेलेला माणूस रिकामा डिफरन्स आणि जाम बोल्ट घेऊन बसतो, आणि अशा वेळी सल्ला द्यायला अख्खी गल्ली जमते.

नट सोडण्याआधी फ्लँज दोन्ही हातांनी वर-खाली हलवा. खटखट आली तर बेअरिंगला ढिलाई आहे. पिनियनच डोलत असताना नवं सील घालणं म्हणजे पडक्या भिंतीला चुना फासणं. खटखट नसेल तर नटाची पिन काढा किंवा ठोकून दाबलेली कड उचला, फ्लँज अडकवा, पान्याला चार फुटी पाइप लावा. लहान पिकअपमध्ये मात्र जरा थांबा. तिथं बऱ्याचदा बेअरिंगांमध्ये नट आवळला की चेपणारी स्लीव्ह (पातळ नळी) असते. नट आणि पिनियनवर खूण करून, बाहेर दिसणारे आटे मोजून घ्या. परत आवळताना 'आणखी एक झटका दे रे' झालं की बेअरिंग आवळून बसतं आणि तापायला लागतं. मोठ्या ट्रकला बहुधा घट्ट, न चेपणारा स्पेसर (अंतर राखणारी कडी) असतो, तिथं कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कवर (आवळायच्या जोरावर) आवळा.

फ्लँज पुलरनं काढायचा, हातोड्यानं नाही. हातोड्याचा मार थेट बेअरिंगला बसतो. निघाला की जिथं सीलचा ओठ घासतो तिथं नख फिरवा. नख अडकलं म्हणजे खाच पडली. खाच तशीच ठेवून नवं सील घातलं तर पुढच्या खेपेला पुन्हा गळणार. फ्लँज बदला किंवा वर दुरुस्तीची पातळ स्लीव्ह चढवा. दुकानात गाडीचं नाव सांगून सील मागू नका, जुन्यावरचे तीन आकडे वाचा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी.

नवं सील बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. ओठाला ग्रीस, आणि बाहेरच्या काठाएवढ्या पाइपच्या तुकड्यानं सगळीकडून सारखं ठोका. एका कोपऱ्यावर हातोडा बसला की स्प्रिंग आत निसटते आणि हे कळतं ते गाडी कुपवाडच्या पुढे गेल्यावर. फ्लँजच्या आतल्या दात्यांनाही थोडं सीलंट लावा, ऑइल तिथूनही नटाखालून झिरपतं.

ऑइल पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं, गाडी सपाटीवर उभी करून, भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत. सांगलीकराला पातळीचं महत्त्व मी काय सांगावं? आयर्विन पुलाखाली 40 फुटाला इशारा आणि 45 ला धोका हे तोंडपाठ असलेली माणसं डिफरन्समध्ये मात्र 'असू दे थोडं जास्त' म्हणून ओततात, आणि तेच जास्तीचं सीलवाटे बाहेर येतं.

20 किलोमीटर फिरवून आल्यावर सीलखाली बोट फिरवून बघा. बोट कोरडं निघालं तरी त्याच बोटानं भडंग खाऊ नका. गिअर ऑइलचा वास दोन साबणांना पुरून उरतो.