लाडू चालत नाही, पिस्तूल चालतं

अमेरिकेत, टेनेसी राज्यात नव्याने आलेल्या मराठी आईबापांनो, मुलांना शाळेत घालताय ना? मग चार अनुभवाचे बोल ऐकून ठेवा.

डब्यात शेंगदाण्याचा लाडू देऊ नका. मी दिला. गेल्या मंगळवारी तो लेकीच्या दप्तरातून जसाच्या तसा परत आला, सोबत पत्र. वर्गात एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, हे सर्व पालकांना आधीच कळवलं होतं, पत्र वाचल्याची सही करून पाठवा. बरोबरच आहे, चूक माझी. मुकाट्याने सही केली. वाटलं, एवढी काळजी घेणारी शाळा आहे, तर पालकसभेत अजून एक शंका विचारून घ्यावी. विचारलं, "वर्गात कुणाजवळ पिस्तूल असतं का हो?" समोरच्या बाई गोड हसल्या. म्हणाल्या, "असेल किंवा नसेल, ते सांगता येत नाही."

तेव्हा दुसरा सल्ला: हा प्रश्न विचारूच नका. एप्रिल २०२४ च्या कायद्याने इथल्या शिक्षकांना लपवून पिस्तूल बाळगायची वाट मोकळी करून दिली. मुख्याध्यापक, जिल्ह्याचे शिक्षणप्रमुख आणि पोलीस यांनी लेखी हो म्हणायला लागतं. शेजारच्या वर्गातल्या बाईंना कळणार नाही. आईबापांचा तर प्रश्नच नाही. शेंगदाणा जाहीर, काडतूस गुप्त.

तिसरा: संकट यायचंच असेल तर ते वर्गातच येऊ द्या. जिममध्ये, सभागृहात किंवा स्टेडियममध्ये शाळेचा कार्यक्रम असेल तर तिथे बाईंना पिस्तूल नेता येत नाही. स्नेहसंमेलनाच्या दिवशी हल्लेखोराने कृपया रजा घ्यावी.

चौथा: बाईंच्या नेमावर विश्वास ठेवा. चांगलं ४० तासांचं प्रशिक्षण असतं! ओहायोत तर २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ७०० तासांहून जास्त लागतील म्हटलं, तेव्हा पुढच्याच वर्षी विधिमंडळाने २४ तास पुरे करून टाकले. गाडीचं लर्निंग लायसन्स काढल्यावर मी याहून जास्त तास नवऱ्याचा ओरडा खाल्लाय. न्यूयॉर्कचे पोलीस, ज्यांचं पोटच त्यावर चालतं, समोरून गोळ्या येत असताना त्यांच्या शंभरातल्या अठराच गोळ्या लागल्या, असं २००८ च्या एका अभ्यासात निघालं. पण तिसरीच्या बाई, एका हाताने वीस पोरं बाकांखाली ढकलत, दुसऱ्या हाताने बरोबर नेम धरतील. युटा राज्यात २०१४ साली शाळेच्या संडासात एका शिक्षिकेचं पिस्तूल चुकून उडालं, भांडं फुटून तीच जखमी झाली. टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत २०२२ मध्ये हल्लेखोर शिरला, तेव्हा ३७६ पोलीस जमले होते, चिलखतं घालून, रायफली घेऊन. ७७ मिनिटं थांबले. एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. जे ३७६ जणांना जमलं नाही ते आता माझ्या लेकीच्या बाईंनी करायचं? ज्यांना टिश्यूचे डबे आम्ही ऑगस्टमध्ये पुरवतो, कारण शाळेकडे तेवढेही पैसे नसतात?

पाचवा सल्ला द्यायचा होता, पण आता उपरोध सुचत नाही.

आपल्याच ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "आपला एरिया चांगला आहे, टेन्शन नको." मार्च २०२३ मध्ये इथल्याच नॅशव्हिलच्या कॉव्हेनंट शाळेत गोळीबारात सहा जण मारले गेले, त्यातली तीन मुलं नऊ-नऊ वर्षांची. तोही चांगलाच एरिया होता हो, खाजगी शाळा होती. आणि त्यावर वर्षभराने उपाय काय काढला, तर अजून बंदुका! माझी लेक पुढच्या महिन्यात नऊची होईल. दार लावून, दिवे मालवून, कोपऱ्यात गप्प कसं बसायचं हे ती मला पाढे म्हणावेत तसं सांगते.

आणि आपण? गणपतीत ढोल कुणी आणायचा यावर ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडतो. शिक्षण मंडळाच्या गेल्या सभेत हा विषय होता, तर आपल्यापैकी मी एकटी, मागच्या रांगेत. मत देता येत नाही म्हणून तोंडही उघडायचं नाही, असं कुणी सांगितलं? व्हिसावर आहात, मुके नाही आहात. बोलायला तीन मिनिटं देतात, पासपोर्ट कुणी विचारत नाही.

पुढची सभा गुरुवारी साडेसहाला आहे. या. लाडू आणू नका.