पाळणाघराची फी कुणाच्या पगारातून?

पुण्यात माझ्या चुलतभावाच्या बायकोने नऊ वर्षांची नोकरी सोडायचं ठरवलंय. घरात हिशेब झाला तो असा : तिचा पगार 48 हजार. त्यातून पाळणाघराचे 14, स्वयंपाकाच्या आणि वरकामाच्या बाईंचे 9, जाण्यायेण्याचे 5. "हातात उरतात वीस. तेवढ्यासाठी पोराची आबाळ कशाला?" काकू म्हणाली, आणि सगळ्यांना पटलं. फोनवर क्षणभर मलाही पटलं.

भावाचा पगार 80 हजार. पोरगा त्याचाही आहे, पोळ्या तोही खातो, ऑफिसला गाडी तोही काढतो. मग वजाबाकी एकट्या तिच्या पगारातून का? दोघांत निम्मी-निम्मी केली तरी घरात येणारी रक्कम तेवढीच राहते, हे मला कळतं. पण मग "हिची नोकरी परवडत नाही" असं कुणाच्या तोंडून निघणार नाही. शिवाय पाळणाघर फार तर चार वर्षांचं. तिची नोकरी अजून पंचवीस वर्षांची, तिचा पीएफ, तिची बढती, तिचं स्वतःचं खातं.

मी बारा वर्षं स्वीडनमध्ये राहतोय. हाच हिशेब इथेही घरोघरी होत असे. 1971 पर्यंत नवराबायकोचं उत्पन्न एकत्र धरून कर लागायचा, म्हणजे तिच्या पहिल्याच कमाईवर वरचा दर. तिने घरीच बसावं असं कागदच सांगायचा. मग कर वेगवेगळा झाला. 1974 मध्ये बाळासाठीची पगारी रजा बापालाही मिळाली. आज ती 480 दिवसांची आहे आणि त्यातले 90-90 दिवस प्रत्येकाचे राखीव. बापाने घेतले नाहीत तर ते बुडतात. बालवाडीची फी 2002 पासून दोघांच्या मिळून उत्पन्नावर ठरते : पहिल्या मुलाला जास्तीत जास्त 3 टक्के, त्यालाही कमाल मर्यादा. आपल्याकडे कर पहिल्यापासून वेगळाच आहे. तिची कमाई 'वरची' धरतं ते घर.

लेक चौदा महिन्यांची असताना मी सात महिने रजेवर होतो. त्याआधी मी बायकोला 'मदत' करायचो, आणि तो शब्द मला चांगलाच वाटायचा. एकटा घरी राहिलो तेव्हा कळलं की भांडी-कपडे हा त्यातला सोपा भाग. पावसाळी पँट घोट्याच्या वर आलीय, लस पुढच्या मंगळवारी आहे, दूध उद्या सकाळपुरतंच उरलंय, हे सगळं डोक्यात चालूच राहतं. रजा संपली तरी माझ्या डोक्यातून ते गेलं नाही, आणि बायकोच्या डोक्यातलं निम्मं उतरलं. मूल आजारी पडलं की घरी राहण्याला इथे 'वाब' म्हणतात. माझा साहेब सकाळी 'आज वाब' एवढाच मेसेज टाकतो. कुणी कारण विचारत नाही.

इथे सगळं झालंय असं मुळीच नाही. त्या 480 दिवसांच्या रजेतले जेमतेम 30 टक्के दिवस पुरुष घेतात. कारण विचारलं तर तेच, त्याचा पगार जास्त. आणि आम्ही दोघं एकदम तापाने पडलो तेव्हा दार वाजवणारं कुणी नव्हतं. पुण्यात काकू एका हाकेवर येते. बाईही येतात. त्यांचं लेकरू त्या वेळी कुणाकडे असतं, हे मात्र आमच्या हिशेबात कधीच नव्हतं.

भारतातल्या 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. कायदा 2017 पासून आईला 26 आठवड्यांची पगारी रजा देतो. खाजगी नोकरीतल्या बापाला एक दिवसही नाही. भावाला म्हटलं, तू महिनाभर रजा टाक. तो म्हणाला, "दादा, साहेब काय म्हणतील?" हा प्रश्न खरा आहे, मी तो झटकला नाही. पण ती तर साहेबांना राजीनामाच देऊन आलीय.

तिची नोटीस 30 तारखेला संपते. रविवारी ते दोघं पुन्हा कागद घेऊन बसणार आहेत. काकूलाही शेजारी बसायला सांगितलंय.