वरातीमागून अभ्यास

बिटकॉइन वेळेवर घ्यायचं राहून गेलं, ही सल तुमच्या मनात आहे हे मला ठाऊक आहे. म्हणूनच एखादं नवं कॉइन कानावर आलं की तुम्ही म्हणता, 'जरा अभ्यास करतो, मग बघू.' इथेच चुकता. आल्टकॉइनचा, म्हणजे बिटकॉइन सोडून बाकी कुठल्याही कॉइनचा, अभ्यास नेहमी ते विकत घेतल्यावर करावा. आधी केला तर पैसे खिशातच राहण्याचा धोका असतो. नंतर केला की सगळं कसं पटत जातं.

सुरुवात व्हाइटपेपरपासून, म्हणजे कॉइन कसं चालतं ते सांगणाऱ्या दस्तऐवजापासून. बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतो याने २००८ साली आपला पेपर नऊ पानांत उरकला. आपल्या कॉइनचा साठ पानांचा आहे, म्हणजे तंत्रज्ञान किती पुढे गेलंय बघा. तो वाचायचा नसतो, बोटाने सरकवायचा असतो. मध्ये षटकोनांची आकृती आणि शेवटी हात बांधून उभ्या टीमचे फोटो दिसले की तांत्रिक परीक्षण संपलं.

कोणी खडूस विचारेल, 'बिटकॉइनला जमत नाही असं हे काय करतं?' उत्तर तयार ठेवा: वेग. सेकंदाला लाख व्यवहार! वेग, सुरक्षितता आणि विकेंद्रीकरण (म्हणजे सूत्रं कोणा एकाच्या हाती नसणं) या तिन्ही गोष्टी एकदम साधणं अवघड असतं, असं इथेरियम या कॉइनचे सहसंस्थापक व्हिटालिक ब्युटेरिन सांगत आले आहेत. पण त्यांनी आपल्या कॉइनचा टेलिग्राम ग्रुप कुठे जॉइन केलाय? वेगासाठी नावाजलेलं सोलाना हे कॉइनचं जाळं सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे १७ तास ठप्प झालं होतं. त्याला बंद पडणं म्हणू नये. वेगवान माणसालाही धाप लागते.

विकेंद्रीकरणाचं तर विचारूच नका. आयोटा या कॉइनच्या जाळ्यात प्रत्येक व्यवहारावर शिक्का मारणारा एक 'कोऑर्डिनेटर' होता आणि तो त्यांच्या फाउंडेशनच्या ताब्यात होता. फेब्रुवारी २०२० मध्ये वॉलेटमधून चोऱ्या झाल्या तेव्हा फाउंडेशनने तो बंद केला आणि जवळपास महिनाभर व्यवहारांवर शिक्काच बसला नाही. कोणाचीही मालकी नसलेलं जाळं थांबवायला एक बटण पुरलं. तुमच्या कॉइनलाही असं बटण असेल तर त्याला 'जबाबदार नेतृत्व' म्हणा.

मी माझ्या कॉइनचा सोर्स कोडही पाहिला बरं का. अर्थात घेतल्यावर. शेवटचा बदल आठ महिन्यांपूर्वीचा. त्यात माहितीपत्रकातलं एक चुकलेलं स्पेलिंग सुधारलं होतं. बाकी कोड दुसऱ्या प्रकल्पाचा, इतका जसाच्या तसा की दोन ठिकाणी जुन्या कॉइनचं नाव तसंच राहिलेलं. ग्रुपवर विचारलं तर ॲडमिनने रॉकेटचं चित्र पाठवलं. शंका फिटली.

आता बाजार. इथे मात्र थोडं गणित लागतं. मार्केट कॅप म्हणजे शेवटच्या सौद्याची किंमत गुणिले चलनात असलेली टोकनं, म्हणजे कॉइनचे नग. शंभर कोटी टोकनं काढा, सगळी चलनात आहेत असं जाहीर करा आणि त्यातलं एक मेव्हण्याला दहा डॉलरला विका. झालं, तुमच्या कॉइनचं मार्केट कॅप एक हजार कोटी डॉलर! प्रत्यक्षात घडलं काय, तर मेव्हण्याकडे दहा डॉलर होते, ते आता नाहीत. पण मोठ्या कॉइनच्या यादीतला क्रमांक बघा की. उरलेली टोकनं विकायला काढली तर घेणार कोण, हा प्रश्न लिक्विडिटीचा आहे, आणि तो विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढतात.

स्वस्त कॉइन घ्या, हे तर सांगायलाच नको. अपूर्णांकात किंमत, शून्यांची माळ, 'एक डॉलर झाला तरी करोडपती'. शिबा इनू या कॉइनची मूळ टोकनं एक हजार लाख कोटी. त्यातली जवळपास ४१ टक्के ब्युटेरिन यांनी मे २०२१ मध्ये कायमची बाद केली. उरलेलं प्रत्येक टोकन डॉलरला पोचायचं तर जगाच्या वार्षिक उत्पादनाच्या कैक पट पैसा लागेल. लागेल तर लागेल, जगाने तेवढी सोय करावी.

पुरवठा मर्यादित आहे ना, हेही तपासा. म्हणजे आज आहे ना, एवढंच. टेरा या क्रिप्टो-जाळ्यातल्या अँकर या ठेव-सेवेवर जवळपास २० टक्के व्याज मिळत होतं तेव्हा टेराच्याच लूना या कॉइनची संख्या कोणी मोजत बसलं नव्हतं. मे २०२२ मध्ये ती काही दिवसांत सुमारे ३५ कोटींवरून साडेसहा लाख कोटींवर गेली. अब्जाधीश झाली ती फक्त लूनाची संख्या, ती बाळगणाऱ्यांच्या हाती जवळपास शून्य उरलं.

चार्ट सतत वर जातोय? उत्तम. २०२१ मधल्या स्क्विड टोकनचाही जात होता, कारण ते घेता येत होतं, विकता येत नव्हतं. खाली यायला वाटच नाही म्हटल्यावर किंमत तरी काय करणार? पुढे बनवणारे पैसे घेऊन गेले आणि ती काही मिनिटांत शून्याला टेकली.

संस्थापकांवर श्रद्धा हवी. लाइटकॉइन हे कॉइन काढणाऱ्या चार्ली ली यांनी डिसेंबर २०१७ मध्ये, भाव ऐन शिखरावर असताना, आपली नाणी विकली आणि हितसंबंधांचा संघर्ष नको म्हणून असं केल्याचं जाहीर केलं. संस्थापकाने विकलं तर ती निःस्पृहता. तुम्ही विकलं तर तुमचं काळीज उंदराचं. आणि हो, निव्वळ थट्टा म्हणून २०१३ मध्ये काढलेलं, वर्षाला ५०० कोटी नवी नाणी ओतणारं डोजकॉइन अजून चालू आहे, हे कोणाजवळ बोलू नका. अभ्यासू माणसाचं मन खचतं.

माझा स्वतःचा अभ्यास आता पूर्ण होत आलाय. परवा सगळे मुद्दे जुळून आले तेव्हा वॉलेट उघडून 'विका' दाबलं. व्यवहाराचं शुल्क शिल्लक रकमेपेक्षा जास्त निघालं. तेव्हापासून मी दीर्घकालीन गुंतवणूकदार आहे.