भिया, गव्हाशिवाय काय आहे?

माळव्याची थोरवी सांगताना इकडची माणसं एक ओळ हमखास ऐकवतात: 'डग-डग रोटी, पग-पग नीर.' पावलोपावली पोळी आणि पावलोपावली पाणी. सीलिअॅक या आतड्यांच्या आजारामुळे ज्याला गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हाच्याच जातकुळीचं एक धान्य) ही धान्यं जन्माची बंद झाली आहेत, त्याला ही थोरवी वाटत नाही, धोक्याची पाटी वाटते. त्यातून तो इंदूरला पाहुणा म्हणून आला असेल तर विचारूच नका. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी दाल-बाफले (बाफले म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे), संध्याकाळी कचोरी आणि बाकीची गावं अंथरुणं घालतात त्या वेळी सराफ्यातला खाऊबाजार.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध पक्का केला विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडात ब्रेड मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी, पण त्याची ही रोगी मुलं मात्र सुधारायला लागली. ब्रेड परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिकेने इंदुरात दवाखाना टाकला असता तर हा शोध लागला नसता. इथे पोळीचा तुटवडा पडणार कधी?

आता पाहुण्याची पहिली चाल ठरलेली. तो फोनवर 'ग्लुटेन फ्री' असं टाकून शोधतो, म्हणजे या तिन्ही धान्यांतलं जे प्रथिन त्याच्या आतड्यांना सोसत नाही ते नसलेलं. त्यातून बहुधा चकचकीत कॅफे निघतात. तिथे पिझ्झ्याचा पाव तांदळाचा असतो, हे खरं. पण तो थापला जातो मैदा भुरभुरलेल्या ओट्यावर, भाजला जातो बाकीच्या पिझ्झ्यांच्या भट्टीत आणि कापला जातो त्याच चाकाने. मैदा हवेत उडतो आणि सावकाश खाली बसतो, तो काही पाटी वाचून बसत नाही. माझं मत विचाराल तर जिथे पाव भाजतात तिथे ताक प्यावं आणि निघावं.

दुसरी चाल म्हणजे हॉटेलात वेटरला विचारणं. 'ग्लुटेन' म्हटल्यावर तो अभिमानाने सांगतो, 'सर, हम ग्लुटेन नहीं डालते. अजीनोमोटो भी नहीं डालते.' मग तुम्ही गहू नको म्हणता, तो मैद्याचा नान सुचवतो. मैदा नको म्हटलं की रव्याचा उपमा येतो, रवाही नको म्हटलं की दलिया. दलिया तर डॉक्टरच सांगतात म्हणे. शेवटी तो मल्टिग्रेन रोटीवर येतो आणि त्याच्या चेहऱ्यावर पाहुण्याला निरोगी केल्याचं समाधान असतं. त्यातही गहूच असतो, आणि बहुतेक वेळा सगळ्यात जास्त.

म्हणून पदार्थ विचारण्याऐवजी स्वयंपाकघर विचारावं. लाल ग्रेव्ही दाट कशाने केली, काजूने की मैद्याने? तंदूरमधलं पनीर कोरडं दिसतं, पण त्याच तंदूरच्या भिंतीला दिवसभर रोट्या चिकटतात. बटाट्याचे चिप्स निर्दोष असतात, कढई निर्दोष नसते. त्याच तेलात सकाळपासून समोसे पोहत असतात. 'अहो, उकळत्या तेलात जळून जातं सगळं,' असं सांगणारे काका प्रत्येक टेबलावर असतात. जळत नाही. तळून, भाजून, उकळून ग्लुटेन जात नाही. मंच्युरियनचं नावच काढू नका: गोळ्यात मैदा, सॉसमध्ये सोया आणि सोया सॉसमध्ये बहुधा पुन्हा गहू.

या सगळ्यावर इंदूरने उपाय शोधून ठेवलाय, फक्त तो आजारासाठी शोधलेला नाही. इथे विचारायचा प्रश्न एकच: 'भिया, फलाहारी में क्या है?'

उपवासाच्या स्वयंपाकाला गहूच नव्हे तर बहुतेक धान्यं वर्ज्य. उरतात साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, रताळं, शेंगदाणे आणि आपली भगर, जिला इथला दुकानदार मोरधन म्हणतो. ग्लुटेन यातल्या कशातच नाही. पण खरी मौज पुढे आहे. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून 'वेगळी कढई घ्या, वेगळं तेल घ्या, झारा धुवा' असं म्हणून पाहा, आचारी तुमच्याकडे दया आल्यासारखा बघेल. आणि नवरात्रात तोच आचारी न सांगता वेगळी कढई चढवतो, वेगळं तेल ओततो आणि पोऱ्याने चुकून कचोरीचा झारा त्यात घातला तर त्याचा उद्धार करतो. तुमच्या आतड्यांसाठी जे होत नाही ते देवीसाठी होतं. आपण फायदा घ्यावा, वाद घालू नये.

मात्र देवीचा भरवसा आणि प्रयोगशाळेचा भरवसा यांत फरक आहे. आपल्याकडे 'ग्लुटेन फ्री' छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. 'फलाहारी' छापायला असं काही मोजावं लागत नाही. गव्हाच्या पिठात ढोबळमानाने दहावा हिस्सा ग्लुटेन धरला तर अर्ध्या ग्रॅम पिठात 50 मिलिग्रॅम होतात, आणि रोज एवढं पोटात गेलं तर आतडी बिघडायला ते पुरेसं आहे. अर्धा ग्रॅम म्हणजे काय, तर पोळपाटाच्या भेगेत राहतं तेवढं. शिवाय एकादशी, चतुर्थी, नवरात्र सोडून एरवीच्या मंगळवारी साबुदाणावड्याला स्वतंत्र कढई मिळेलच असं नाही. तेव्हा वडा खायचा तर तेलाकडे बघून. काळपट तेल आणि तळाशी गाळ दिसला तर त्या तेलाने जग पाहिलंय असं समजावं.

वड्यापेक्षा खिचडी बरी. इंदुरी खिचडी म्हणजे आपली तुपात परतलेली, दाण्याचं कूट घातलेली खिचडी नव्हे, हे सदाशिव पेठेतून आलेल्यांनी आधीच मनाला समजवावं. साबुदाणा वाफेवर मोकळा शिजत ठेवलेला असतो. गिऱ्हाईक आलं की एक वाढप भांड्यात घेऊन त्यात फलाहारी मिक्श्चर, मसाला, मिरची, कोथिंबीर आणि लिंबू कालवून पुढे करतात. ऐनवेळचं तळण नाही, तवा नाही. फक्त मसाला फलाहारीच आहे ना, एवढं विचारायचं.

पोह्यांचंही तसंच. मोठ्या परातीखाली पाणी उकळत असतं, वर पिवळेधमक पोहे, बडीशेप त्यांत दिसते. पोहे तांदळाचे, तेव्हा पाया भक्कम. घात होतो तो शेवटच्या क्षणात. त्याचा हात आधी जिलबीच्या ढिगात जातो, जिलबी मैद्याची, मग तोच हात शेव उचलतो, मग पोह्यांवर जीरावन हा इथला मसाला भुरभुरतो. म्हणून 'सेव-जीरावन मत डालना, जलेबी अलग, और चम्मच दूसरा' हे वाक्य तो परातीत झारा घालायच्या आत संपलं पाहिजे. तो क्षणभर थांबेल. शेव नको म्हणणारा माणूस इंदुरात एक तर फार आजारी असतो किंवा भोपाळचा. मग तो मुकाट्याने लिंबाची एक फोड जास्त देतो.

शेव तर बेसनाची, मग काय बिघडलं? हिंग. शुद्ध हिंग इतका उग्र की तो तसा कोणी वापरत नाही. डिंक आणि पीठ मिसळून बांधानी हिंग करतात. ते पीठ कधी तांदळाचं, कधी गव्हाचं. डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण शेववाला डबी दाखवत नाही. मोठ्या पातेल्यात चिमूटभर हिंग विरून गेला तर वाटीत येतो तो नगण्यच. पण इंदुरात शेव, पापड, कढी, वरण, जीरावन असा तो दिवसभर येत राहतो, आणि शेव ज्या कढईत तळली तिथे आधी मठरी होती का, हाही प्रश्न उरतोच. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो. एक डबी पर्समध्ये बाळगावी आणि यजमानीणबाईंच्या हाती द्यावी. आहेर म्हणून दिली तर कुणाला राग येत नाही.

सराफ्याविषयी थोडक्यात. सोनारांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस हा सीलिअॅकवाल्याचा खरा मित्र: कोवळं कणीस किसून तुपात परतलेलं, दूध घालून शिजवलेलं. हिंगाचं विचारावं, वरची शेव नाकारावी. हिवाळ्यात गराडू मिळतो, कंदाचे तळलेले तुकडे. गाडीवर फक्त गराडूच तळत असतील तर घ्या आणि मसाल्याऐवजी मीठ-लिंबू मागा. खोपरा पॅटिसच्या बाहेरच्या आवरणात काय आहे ते विचारल्याशिवाय हात लावू नका. मावाबाटी आणि गुलाबजाम, नको. मावा बांधायला मैदा लागतो. इंदुरी शिकंजी ही लिंबाची नाही, आटवलेल्या दुधाची, ती खुशाल प्या. एक प्यालात तर जेवणच झालं.

किराण्याकडे वळू. सियागंजात घाऊक माल स्वस्त आणि ताजा मिळतो, पण उघड्या पोत्यांच्या रांगेत बेसनाचं पोतं दलियाच्या शेजारी असतं आणि माप दोघांत एकच फिरतं. इथून तांदूळ, शेंगदाणे, साबुदाणा असं अख्खं घ्यावं, निवडून धुता येतं. पीठ घेऊ नये. चक्कीवर ज्वारी दळून आणण्याचा मोह तर टाळाच. 'सुबह सबसे पहले आपका पीस देंगे' हे आश्वासन प्रेमाचं असतं, पण काल रात्रीचा शरबती गहू चक्कीच्या दगडांच्या खाचांत मुक्कामाला असतो. आणि तुमच्या ज्वारीबरोबर तोही घरी येतो.

सुपरमार्केटातलं 'ग्लुटेन फ्री' फडताळ शुगर फ्रीच्या शेजारी असतं, म्हणून काका लोक दोन्ही एकच समजतात. तिथे पाकिटाची पुढची बाजू वाचूच नये. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून बिस्किटांच्या पुढच्या बाजूला नाचणीची कणसं डोलतात आणि मागे घटकांची यादी मैद्याने सुरू होते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे पहिली तीन नावं वाचली तरी कंपनीचा स्वभाव कळतो. मग अॅलर्जीची ओळ वाचा. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असले तरी त्यांत माल्ट असू शकतं, आणि माल्ट जवाचं. ओट्स स्वतः सज्जन असतात, पण शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हाच्या संगतीत वाढलेले; पाकिटावर स्पष्ट छापलं नसेल तर ठेवून द्या.

यजमान मराठी असले की मात्र कठीण. होळकरांच्या काळापासून इथे रुजलेली घरं, आग्रह दोन्ही भाषांत करतात. रामबागेतल्या काकू पोळी वाढत नाहीत, पण 'मग थालीपीठ घे की' म्हणतात. भाजणीत मूठभर गहू असतो. मेतकूट-भात म्हणजे आजाऱ्याचं अन्न, पण मेतकुटातही बहुतेक घरी गहू भाजून घालतात. 'हा खपली आहे हो, हा चालतो,' नाही चालत, खपली हाही गहूच. अशा वेळी आपणच तांदळाची उकड, आंबोळी किंवा झुणका-भाकरी सुचवावी, आणि भाकरी पोळ्यांच्या आधी, धुतलेल्या परातीत आणि घासलेल्या तव्यावर व्हावी असं गोड शब्दांत सांगावं. तूप नव्या वाटीत मागावं. जेवणाच्या टेबलावरच्या तुपाच्या भांड्यात डोकावून पाहा, कडेला पोळीचा चुरा दिसेल. प्रत्येकाने पोळीला लावलेला चमचा परत आत बुडवलेला असतो.

खोलीवर उतरलात तर दडपे पोहे. दोन वाट्या पातळ पोहे, अर्धी वाटी ओला नारळ, एक बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ, चिमूट साखर, अर्धं लिंबू. नारळाचं पाणी शिंपडून हाताने कालवा, ताटली झाकून वर पाण्याची भरलेली बाटली ठेवा आणि पंधरा मिनिटं विसरा. शेगडी लागत नाही.

परतीच्या पुण्याच्या गाडीत रात्रभर ब्रेड पकोडेच फिरत राहतात. डब्यात तांदळाच्या पिठाची उकड काढून केलेल्या भाकऱ्या घ्या, त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. ज्वारीची भाकरी सकाळपर्यंत वाळून कडक होते. बरोबर दाण्याची चटणी. दहीभात उन्हाळ्यात नको. शेजारच्या बर्थवरच्या काकू मेथीचे ठेपले पुढे करतील, तेव्हा आजार समजावत बसू नका, उपवास आहे म्हणा. त्या लगेच पिशवीच्या तळातून फलाहारी चिवड्याचं पाकीट काढतील. ते घ्या, आणि त्यांचं लक्ष खिडकीबाहेर असताना हळूच उलटं करून वाचा.